आज निळा वार

"आज कोणता वार?" मी विचारलं, आणि खिडकीपाशी बसणारा पहिलीतला पोरगा सगळ्यांच्या आधी ओरडला, "निळा!"

वर्ग हसला. मीही हसले. 2024 च्या जुलैतली गोष्ट. बाहेर भुरभुर चालली होती, साताऱ्याच्या माण तालुक्यात पाऊस येतो तो असाच, अंगण ओलं करतो आणि निघून जातो. पहिली-दुसरी एकाच खोलीत बसकरपट्ट्यांवर बसलेली, आणि आमचं वारांचं गाणं नुकतंच म्हणून झालेलं. मी त्याला म्हटलं, "अरे, निळा तर रंग झाला. वार कोणता?" त्यानं माझ्याकडे खालपासून वरपर्यंत एकदा नीट पाहिलं, खात्री करून घेतल्यासारखं, आणि आवाज अजिबात न चढवता म्हणाला, "निळाच हाय. उद्या पिवळा." त्या दिवशी सोमवार होता आणि माझ्या अंगावर निळा कुर्ता होता. मंगळवारी मी पिवळा घालते.

संध्याकाळी दहिवडीतल्या माझ्या भाड्याच्या खोलीत येऊन मी दोरीला टांगलेल्या हँगरकडे बघत बसले. सहा हँगर. निळा, पिवळा, फिकट जांभळा, मग गुरुवारची पोपटी काठाची सुती साडी, शुक्रवारचा गुलाबी कुर्ता, आणि शनिवारी सकाळची शाळा, कवायत असते म्हणून पांढरा. रविवारी सगळं धुवायचं, इस्त्री करायची आणि त्याच क्रमानं पुन्हा टांगायचं. सकाळी विचार करायला वेळ नको म्हणून लावलेला हा क्रम. पाणी भरायचं, डबा करायचा, गाडी काढायची, आणि मधल्या एका उजाड माळावर वारा असा असतो की ओढणी गाठ मारूनच बसावं लागतं. माझ्याकडे मोजून सहाच कपडे आहेत हे कुणाच्या लक्षात येत नसेल असं मी धरून चालले होते. आणि एका सहा वर्षांच्या पोरानं ते सगळे मोजले होते, ओळीनं लावले होते आणि त्यांच्यावर स्वतःचं कॅलेंडर चालवलं होतं. आधी मला लाज वाटली. मग, बऱ्याच उशिरा, झोप येत नसताना, वेगळंच काहीतरी वाटलं. इतक्या बारकाईनं मला आजवर कुणी वाचलं नव्हतं.

मी इचलकरंजीची. आमच्या घरात कापड कळायला शाळेत जावं लागत नाही. वडील पॉवरलूमवर, दोन पाळ्यांच्या खडखडाटात आयुष्य गेलेलं, त्यामुळे घरीसुद्धा मोठ्यानं बोलणारे. आई पिको-फॉल आणि ब्लाउज शिवते. लहानपणापासून मी वडिलांना कापड असंच बघताना पाहिलंय, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून, डोळे दुसरीकडेच. "हाताला इचार आधी, डोळ्याला नंतर," असं ते म्हणतात. शंका आली तर कडेचा एक धागा ओढून काडी लावायची. सूत असेल तर कागदासारखी राख होते, पॉलिस्टर असेल तर वितळून कडक गोळी. माझी निवड झाल्यावर, समुपदेशनात शाळा मिळाल्यावर, घरात आनंदाच्या आधी हिशोब झाला. शिक्षणसेवकाचं, म्हणजे पहिल्या तीन वर्षांतल्या नव्या शिक्षकाचं, मानधन महिना 16,000. 2023 च्या जानेवारीपासून ते एवढं झालंय, त्याआधी प्राथमिकला 6,000 होतं, त्यामुळे मी नशीबवान पिढीतली. पण खोलीचं भाडं, पेट्रोल, घरी पाठवायचे पैसे, आणि तीन वर्षं असंच. म्हणून कपड्यांचं काम आईनं स्वतःकडे घेतलं. कापड वडिलांनी आणलं, थोडा डाग असलेला माल, थान संपताना उरलेले तुकडे, आणि आईनं मशीनवर बसून पाच कुर्ते शिवले. डाग कुठे शिवणीत गेला, कुठे खिशाखाली. आजही त्यातला एकही दिसत नाही.

डी.एड.ला असताना आम्हाला गणवेशाची साडी होती. आकाशी रंग, जांभळा काठ, सिंथेटिक. पाठ घ्यायला जायच्या दिवशी पहाटे वसतिगृहाच्या खोलीत आठ जणी एकमेकींच्या निऱ्या धरायच्या, आणि प्रत्येकीच्या तोंडात पिना असायच्या, त्यामुळे बोलणं सगळं नाकातून. पहिल्याच पाठाला मी फळ्यावर वरपासून लिहायला हात उंचावला आणि ब्लाउज वर सरकला. मागे बसलेल्या मार्गदर्शक बाईंनी टाचणवहीत शेरा लिहिला, फलकलेखन सुवाच्य, पेहरावाकडे लक्ष द्यावे. तो शेरा मला कितीतरी दिवस टोचला. त्यानंतर मी फळ्याच्या मधूनच लिहायला सुरुवात करायचे, म्हणजे हात खांद्याच्या वर जायला नको. कपड्यानं माझा अर्धा फळा खाल्ला, असं मला आता वाटतं. आईला ते सांगितलं तेव्हा ती काहीच बोलली नाही, पण पुढचा ब्लाउज दोन इंच लांब होता. नोकरीच्या कुर्त्यांच्या बाह्या तिनं कोपराच्या खाली आणल्या, काखेत कळी घातली, म्हणजे हात कितीही वर गेला तरी कुर्ता जागचा हलत नाही. आणि सगळ्यांना दोन्ही बाजूंनी खोल खिसे. साडीच्या परकरालासुद्धा एक. "खडू कुठं ठेवणार गं तू?" एवढंच तिचं म्हणणं.

त्या खिशांत खडूपेक्षा दुसरंच जास्त असतं. खोडरबरचे तुकडे, कुणाची तरी केसांची पिन, चिंचोके. एकदा दुसरीतल्या एका पोरीनं मधल्या सुट्टीत पडलेला दात माझ्या हातात दिला. घरी न्यायचाय, हरवेल, तुमच्याकडे ठेवा. शाळा सुटेपर्यंत तो दात माझ्या जांभळ्या कुर्त्याच्या खिशात होता, चॉकलेटच्या कागदात गुंडाळलेला, आणि ती मुलगी दर तासाला येऊन खिसा बाहेरून चाचपून जायची.

मी रुजू होऊन थोडेच दिवस झाले होते तेव्हा शिक्षकांच्या पेहरावाचा तो शासन निर्णय आला, 15 मार्च 2024 चा. सकाळी उठले तर ग्रुपवर पीडीएफ. महिलांनी साडी किंवा सलवार-चुडीदार, कुर्ता, दुपट्टा. पुरुषांनी पँटमध्ये खोचलेला शर्ट, शर्ट फिकट आणि पँट गडद. जीन्स-टीशर्ट नको, गडद रंग नको, चित्रविचित्र नक्षी किंवा प्रिंट नको. नावाच्या आधी डॉक्टर-वकिलांसारखं 'टि' लावायचं. ग्रुपवर दिवसभर चर्चा चालली. कुणी म्हणालं बरं झालं, कुणी म्हणालं आधी वर्गखोल्या द्या. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं होतं, हे कबूल करते. नवीन माणसाला कुणीतरी रेघ आखून दिली की बरं वाटतं. शिवाय सलवार-कुर्ता कागदावर आला होता. गावात पहिल्या आठवड्यात "नव्या बाई ड्रेसवर येत्यात" हे माझ्या कानावर आलं होतं. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एक आजोबा तसं बोललेही, रागानं नाही, आठवण सांगितल्यासारखं, की आमच्या वेळच्या बाई नऊवारीत यायच्या, पदर ढळायचा नाही. मी मान खाली घालून ऐकलं. माझ्या बाजूनं बोलली ती एका मुलाची आई, दारातच उभी होती, हातात खुरपं. "त्यास्नी गाडी चालवायची असती, आबा," एवढंच ती म्हणाली आणि निघून गेली.

पण रेघ आखणाऱ्याला सगळं दिसतंच असं नाही. फिकट रंग म्हणजे काय हे प्राथमिक शाळेच्या बाईला विचारावं. पोषण आहाराच्या खिचडीतली हळद. पळत येऊन कमरेला मिठी मारणाऱ्या पोराचं नाक. शाईपेनाचा फवारा, लाल माती, तेल लावलेलं डोकं, आणि खडूची भुकटी, जी एरवी कुठेही दिसते पण फिकट कापडावर मात्र दिसत नाही, तेवढा एक फायदा. सप्टेंबरमधल्या एका शुक्रवारी, गुलाबी कुर्त्याच्या दिवशी, आणखी एक डाग पडला. मला कळलं नव्हतं. मी चौथीच्या वर्गात वाचन घेत होते. एक मुलगी उठली, माझ्या अगदी मागे येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, चला तुमी, मी तुमच्या मागनं येते." मला आधी उमजलंच नाही. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर उमजलं. वर्गापासून कार्यालयापर्यंत पंचवीस-तीस पावलं आहेत. ती दहा वर्षांची पोर माझ्या पाठीला चिकटून, पावलात पाऊल टाकत, हातात हजेरीपट उगाच उघडून धरून चालत आली. वाटेत आमचे मुख्याध्यापक गुरुजी भेटले तर त्यांना तीच म्हणाली, "मॅडमला काम हाय." दार लावल्यावर मी खुर्चीवर बसले नाही. टेबलाला धरून उभी राहिले आणि मला रडू आलं. लाजेनं आलं असेल असं आधी वाटलं, पण ते लाजेचं नव्हतं.

तिला हे कुणी शिकवलं होतं? मोठ्या बहिणीनं, आईनं, की नुसतं बघून बघून? मी तिला कधी विचारलं नाही.

त्यानंतरच्या शिक्षण परिषदेत केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, एका वयस्कर बाईंजवळ मी हे बोलले. निवृत्तीला आलेल्या, सगळ्या साड्या सुती, केस घट्ट अंबाड्यात. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि मला कपड्यांचं खरं प्रशिक्षण दिलं, जे डी.एड.च्या दोन वर्षांत मिळालं नव्हतं. कुर्ता फिकट, मग सलवार गडद घे, पुरुषांची पँट गडद चालते तर आपली सलवार का नाही. ओढणी रुंद, सुती, गरज पडली तर कमरेला बांधता येईल अशी. साडीला पिना मोजक्या, एक पदराला, एक निऱ्यांना आतून. "पोरं कडेवर येतात, त्यांना टोचतात पिना," त्या म्हणाल्या. बांगड्या काचेच्या दोन-दोन ठेव, व्हरांड्यातून येताना आवाज झाला की वर्ग आपोआप जागेवर बसतो, ओरडावं लागत नाही. आणि शाळेच्या कपाटात कायम एक जोड कपडे. त्यांच्या कपाटात पंचवीस वर्षं एक साडी होती, पाऊस असो, ताप असो, काही असो. मी पुढच्याच सोमवारी जुना, गडद तपकिरी ड्रेस पिशवीत घालून शाळेच्या लोखंडी कपाटात ठेवला, हजेरीपटांच्या खाली.

माझ्या कपड्यांत एकच रेशमी साडी आहे. मामानं नोकरी लागल्यावर घेतलेली, मोरपंखी. तपासणीला साहेब येणार होते तेव्हा मी ती नेसले. पदराच्या चुण्या काढून, खांद्यावर नीट लावून. गुरुजी म्हणाले छान दिसताय. पोरं मात्र त्या दिवशी दोन हात लांबून बोलत होती. रोज वही दाखवायला अंगावर पडणारी ती मुलं हात मागे बांधून उभी. एकीनं बोट पुढे केलं, काठाला लावणार तेवढ्यात आपलं बोट आधी स्वतःच्या फ्रॉकला पुसलं आणि मग लावलंच नाही. त्या वर्षी गणवेश उशिरा आले होते. बरीच मुलं घरच्या कपड्यांत यायची, कुणाच्या शर्टाला दोनच गुंड्या, कुणाचा फ्रॉक थोरलीचा, खांद्यावरून घसरणारा. त्यांच्यामध्ये मी मोरासारखी उभी होते आणि खाली बसू शकत नव्हते. वाचनाच्या तासाला मी रोज पट्टीवर त्यांच्यात बसते, त्या दिवशी खुर्ची मागवली. खिडकीपाशीच्या पोरानं मला सकाळीच विचारलं होतं, "मॅडम, आज कुठलं लगीन हाय?" साहेबांनी शेरेबुकात चांगलं लिहिलं. साडी मी घडी घालून ठेवली ती अजून तशीच आहे.

तेव्हापासून कपडा घेताना मी दुकानात एकच गोष्ट करते. तो अंगाला लावून आरशात बघत नाही, आधी तो घालून मांडी घालून बसता येईल का ते बघते. बसून पुढे वाकता येईल का. उठताना एका हातात वह्यांचा गठ्ठा असेल तर दुसऱ्या हातानं काय सावरावं लागेल. काहीच सावरावं लागत नसेल तर तो कपडा माझा. मग रंग. रंगाची मला आवड आहे, हे मला या नोकरीतच कळलं. मला आमसुली आवडतो, कैरीचा हिरवा आवडतो, कोऱ्या सुताचा स्वतःचा पिवळट पांढरा आवडतो. कॉलेजात मी मैत्रिणींसारखं घालायचे, वसतिगृहात ज्याची त्याची अदलाबदल, आपलं असं काही नव्हतंच.

3 जानेवारीला आम्ही सावित्रीबाईंची जयंती केली. त्या आमच्याच जिल्ह्यातल्या, खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या, त्यामुळे मुलांना त्या पुस्तकातल्या वाटत नाहीत, पलीकडच्या गावच्या वाटतात. चौथीच्या मुली आयांच्या साड्या दुहेरी दुमडून नेसून आल्या होत्या, कपाळावर आडवी चिरी. मी गोष्ट सांगितली. पुण्यात 1848 साली भिडेवाड्यातली मुलींची शाळा, वाटेत अंगावर पडणारं शेण आणि चिखल, आणि म्हणून सोबत ठेवलेली दुसरी साडी. ही गोष्ट मी स्वतः पहिलीपासून ऐकत आले आणि माझं लक्ष कायम शेणाकडे जायचं, शेण टाकणाऱ्यांकडे. दुसरीतल्या एका मुलानं हात वर केला. "मॅडम, मग ती दुसरी साडी कुठं ठिवायच्या त्या?" मी काही बोलायच्या आत मागून उत्तर आलं. तीच मुलगी, त्या शुक्रवारची. "कपाटात," ती म्हणाली. "आपल्या मॅडम ठिवत्यात तशी."

मी पाणी प्यायला बाहेर गेले.

दिवाळीला आईनं तीन नवे कुर्ते शिवले होते. माझे सहाचे नऊ झाले आणि हँगरचा क्रम मोडला. मला फार आनंद होता. दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी मी कैरीच्या रंगाचा नवा कुर्ता घालून वर्गात गेले, मुलींनी हात लावून बघितला, खिसे आहेत का ते आधी तपासलं. खिडकीपाशीचा पोरगा मात्र बराच वेळ नुसता बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "आज सुट्टी हाय का?" वारांची नावं त्याला दसऱ्यापर्यंत पाठ झाली होती, गाणं तो सगळ्यांच्या वरच्या पट्टीत म्हणायचा. पण नाव आणि दिवस यांची गाठ त्याची माझ्या अंगावरच्या कापडाशी होती, आणि ती मी सोडली होती. पुढचे कितीतरी दिवस तो सकाळी मला बघून गप्प व्हायचा. नव्या कपड्यांचा आनंद त्या गप्पपणानं थोडा थोडा खाल्ला. पुन्हा सहावर येणं मला नको होतं. मी तेवीस वर्षांची आहे, मला आवडतात कपडे. आणि त्याला असं अधांतरी ठेवणंही नको होतं.

संक्रांतीला घरी गेले तेव्हा आईचं चिंध्यांचं गाठोडं सोडलं. ती एकही तुकडा टाकत नाही, प्रत्येक कुर्त्याची कात्रणं सुतळीनं वेगळी बांधलेली. निळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, पांढरा. पोपटी काठाच्या साडीचं ब्लाउजपीस शिवून उरलेली पट्टी. वडील बाजूला बसून प्रत्येक तुकडा चिमटीत धरून बघत होते आणि कोणता कुठल्या मागावरचा ते सांगत होते. परत आल्यावर मी एका पुठ्ठ्यावर वारांचा तक्ता केला. प्रत्येक वारासमोर ज्याचा त्याचा तुकडा, कडा कात्रीनं नागमोडी कापलेल्या. तक्ता मुद्दाम खाली लावला, मुलांच्या हाताला येईल असा. तो पोरगा आला, सोमवारच्या निळ्यावर तळहात ठेवला, मग एकेक करत शनिवारच्या पांढऱ्यापर्यंत गेला. नंतर रविवारच्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं. "रविवारी तुमी काय घालता?"

मी सांगितलं की रविवारी मी शाळेत नसते, रविवार तुझा, तूच सांग काय लावायचं.

सोमवारी सकाळी तो प्रार्थनेच्या आधीच माझ्या गाडीपाशी उभा होता. मूठ घट्ट. त्याची आई आठवडाभर डाळिंबाच्या बागेत कामाला जाते आणि रविवारी घरी असते. तिनंच रात्री जुन्या साडीचा तुकडा फाडून दिला होता. त्यानं मूठ उघडली. मी सवयीनं तो आधी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरला. पॉलिस्टर, पण इतक्या वेळा धुतलेलं की सुतासारखं मऊ झालेलं, गडद हिरव्यावर पांढरी फुलं. एका कोपऱ्यातल्या फुलावर डाळिंबाचा तपकिरी डाग. मी पुठ्ठ्याला डिंक लावला आणि डागाचा कोपरा आत दुमडायला घेतला. "त्यो बाहेर असू द्या," तो म्हणाला. मग दोघांनी मिळून तुकडा दाबून धरला, वाळेपर्यंत.